नरोलीच्या नाक्यावरचा शिपाई

आई माझ्याकडे राहायला आली ती तोंड पाडूनच. बाबा गेल्यावर सावंतवाडीकडच्या आमच्या गावी ती काही वर्षं एकटी राहिली होती. पण मग गुडघे कुरकुरायला लागले, विहिरीवरून कळशी आणणं जमेना, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी जाऊन तिला सिल्वासाला घेऊन आले. जावयाच्या घरी जाऊन राहायचं हे तिच्या मनाला काही पटत नव्हतं. जेवताना ती मुद्दाम एक पोळी कमी घ्यायची आणि माझा नवरा घरात आला की टीव्हीचा आवाज बारीक करून आत जाऊन बसायची. तोही मुळात कमी बोलणारा. त्यामुळे दोघांमध्ये "जेवलात?" आणि "जेवले" याच्या पुढे काही गेलं नव्हतं.

नवरा इथल्या सरकारी कचेरीत, मी मराठी शाळेत चित्रकलेची शिक्षिका. आम्ही दोघं बाहेर पडलो की तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी. बाल्कनीतून समोर कंपनीची लांबलचक भिंत, आणि शिफ्ट सुटली की सायकलींची रांग. आठवडाभरात ती मला म्हणाली, "तुमच्या ह्या गावात कोण कोणाक इचारीत नाय. शेजारीण मेली हसता, ती पण गुजरातीत."

त्याच सुमारास मला एक वेगळंच काम मिळालं. गावातलं छोटं संग्रहालय नव्याने मांडायचं चाललं होतं. तिथल्या पुढच्या दालनांत आदिवासींचे मुखवटे, मासे पकडायच्या टोपल्या, फुंकून वाजवायचा तारपा वगैरे होतं आणि ते बरं होतं. रया गेली होती ती शेवटच्या खोलीची. त्या खोलीत पोर्तुगीज काळातलं सरहद्दीवरचं जगणं दाखवलेलं होतं. हा सगळा मुलूख पोर्तुगिजांचा आणि भोवतीचा आधी इंग्रजांचा, मग स्वतंत्र भारताचा. म्हणजे इथल्या माणसाला बहिणीच्या घरी जायचं तरी वाटेत परदेश लागायचा. दादऱ्याच्या माणसाला तर नरोलीला यायला आपल्या राज्यातून बाहेर पडून पुन्हा आपल्याच राज्यात शिरावं लागायचं. हे सगळं त्या खोलीत दिसायला हवं होतं. दिसत होते ते दोन पुतळे आणि एक रंग उडालेला नकाशा.

संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम मुंबईहून बदलून आल्या होत्या. त्यांनी आमच्या शाळेकडे चित्रकलेचं माणूस मागितलं आणि दुपारनंतर दोन-तीन तास मी तिथे जायला लागले. आईला म्हटलं, "घरी बसून काय करतेस, चल माझ्याबरोबर."

"माका काय कळता तेतला?"

"खुर्चीवर बस. पंखा आहे."

पंख्याच्या आशेने नाही, पण घरातून सुटका म्हणून ती आली. शेवटच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिथल्या पोर्तुगीज शिपायाकडे बघतच राहिली. तो पुतळा कधीकाळी वापीच्या एका कापडदुकानातून आणलेला होता. दुकानातला सूटबूटवाला पुतळा. त्याला खाकी कपडे चढवले होते, वर मिशी चिकटवली होती, हातात लाकडी बंदूक दिली होती. ओठ मात्र दुकानातलेच, गुलाबी. समोर हात जोडून एक गावकरी, त्याचा एक पाय तुटल्यामुळे तो भिंतीला टेकवलेला.

आई म्हणाली, "ह्यो शिपाय काय लग्नाक निघालो?"

मॅडम मागे उभ्या होत्या. मला वाटलं, आता झालं. पण त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी स्वतः आईसाठी खुर्ची ओढली, चहा मागवला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही खरा शिपाई पाहिलाय का?"

पाहिलाय म्हणजे काय! आईचं माहेर गोव्याच्या हद्दीला लागून. तिचा मामा ओढ्यापलीकडे, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात. गोवा मोकळा झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, त्यामुळे नाका ओलांडायचे सगळे प्रकार तिला पाठ होते. मी लहानपणी ते अर्धवट ऐकलेले, पण आईने इतकं खुलून सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मामाच्या गावी परदेशी कापड स्वस्त मिळायचं आणि आणताना जकात पडायची. मग घरातल्या बायका जाताना एक लुगडं नेसून जात आणि येताना एकावर एक चार-पाच नेसून येत.

"माझी आवस जाताना काठी, येताना पिंप," आई आपल्या आईबद्दल म्हणाली. "शिपाय इचारी, बाये, सकाळी बारीक होतंस, संध्याकाळी जाडी कशी जालंस? आवस सांगी, भावाकडे जेवलंय."

मॅडम पुन्हा हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मावशी, फार छान आहे हो. पण ही गोव्याची गोष्ट. या खोलीत मला इथली हवी. इथे लोक काय नेत होते, कोण अडवत होतं, ते कोणी सांगेल का?"

आईला ते लागलं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "सरहद्द ती सरहद्द. हयली काय आणि थयली काय." पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघायच्या आधीच ती लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभी होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संग्रहालयाच्या वॉचमनने आमचं बोलणं ऐकलं. तो धुळ्याकडचा, नरोलीत भाड्याच्या खोलीत राहणारा. तो म्हणाला, "मॅडम, आमनी घरमालकीण आजी शे ना, तिले समदं याद शे. नाक्याच्या गोष्टी सांगते ती. पोरांना घाबरवते पण."

मॅडमना मीटिंग होती. म्हणून रविवारी आई आणि मी, आम्ही दोघीच गेलो.

दमणगंगेचा पूल ओलांडून नरोलीत शिरलं की आधी कंपन्या लागतात, मग खोल्यांच्या चाळी. या आजीचं मूळ घर कुडाचं, वारल्यांची घरं असतात तसं, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना सिमेंटच्या खोल्यांच्या ओळी. दोऱ्यांवर कंपनीचे निळे शर्ट वाळत होते. कोणाच्या तरी खोलीतून भरताच्या वांग्यांचा वास येत होता. भाडेकरू सगळे धुळे-नंदुरबारचे. त्यांच्यात राहून आजीची बोली अशी झाली होती की सुरुवात वारलीत, मधे गुजराती आणि शेवटी खानदेशी; इथे मी ती सोपी करून लिहितेय. आजी बुटकी, काळीसावळी, नाकात चमकी, वय आईपेक्षा एक-दोन वर्षांनी कमी असेल. ओटीवर बसून शेंगा सोलत होती. तिने आम्हाला नाव-गाव काही न विचारता आधी शेंगा सोलायला बसवलं.

आईला हे फारच आवडलं. सिल्वासात आल्यापासून कोणी तिला काम सांगितलं नव्हतं.

शेंगा सोलता सोलता आजी सांगायला लागली. पोर्तुगीज गेले तेव्हा ती सात-आठ वर्षांची. तिचा बाप भिलाडच्या स्टेशनात मालाची पोती उचलायला जायचा. भिलाड म्हणजे पलीकडचं राज्य. आजीची आई त्याची भाकर बांधून द्यायची आणि ती घेऊन ही एकटी निघायची. वाटेत नाका. रस्त्यावर आडवा बांबू, त्याला एका टोकाला दगड बांधलेला. बाजूला गवती छपराची खोपी आणि खोपीबाहेर खुर्ची टाकून शिपाई.

"भीती वाटायची?" मी विचारलं.

"तर! मी वर बघतच नव्हती. त्याचे बूट तेवढे बघायची. डाव्या बुटाला शिवण टाकलेली. बूट हलले की समजायचं, तो उठला. मग मी पळायची. तो मागून ओरडायचा. फिरंगी बोलीत शिवी द्यायचा. रोज तीच शिवी."

"कसली शिवी?"

आजीने शेंगा सुपात टाकल्या, पाठ ताठ केली, गळा खरखरीत केला आणि एकदम ओरडली, "खैवताग्गोशेडवा!"

समोरच्या खोलीच्या दारात एक लहान मुलगी खेळत होती, ती आत पळाली. आजी हसायला लागली. त्या वाडीत हे नावच पडलं होतं. आजीने आपल्या मुलांना, मग नातवंडांना आणि आता भाडेकरूंच्या पोरांना याच नावाने झोपवलं होतं. झोप, नाहीतर खैवताग येईल. खैवतागला मोठ्या मिशा, खैवतागच्या पायात बूट, खैवताग पोत्यात घालून नेतो. पोरांनी एका खोलीच्या भिंतीवर कोळशाने त्याचं चित्रही काढलं होतं. चित्र चांगलं होतं.

माझं लक्ष त्या चित्राकडे होतं, म्हणून आईकडे बघायला मला उशीर झाला. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"परत बोल बघू," आई म्हणाली.

आजी परत ओरडली.

"हळू बोल. ओरडा नको. हळू."

आजीने ते हळू म्हटलं. एकेक तुकडा सुटा होत गेला, आणि मग आईने तिच्याच आवाजात, जशी ती मला लहानपणी अंगणातून हाक मारायची तशी, ते पुन्हा म्हटलं, "खंय वता गो, चेडवा?"

आता मलाही ऐकू आलं.

"गो बाये," आई म्हणाली, "ती शिवी न्हय. फिरंगी पण न्हय. ती आमची कोकणी. तो शिपाय गोव्याचो आसतलो. तो तुका इचारी, खंय वता गो चेडवा. म्हणजे, कुठे चाललीस गं पोरी?"

आजीला कळेना. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "हो आजी. कुठे चाललीस गं पोरी, एवढंच. आमच्याकडे चेडू म्हणजे मुलगी. लाडाने म्हणतात."

"शिवी नाही?"

"नाही."

आजीने सूप बाजूला सारलं. मग तिने तोंडावर पदर घेतला, खांदे हलायला लागले आणि मी घाबरून उठले. पण ती हसत होती. हसता हसता तिने आईच्या मांडीवर थाप मारली. "अगं, मी त्याच्यासाठी वाट सोडून काट्यांतून पळायची! पाय फुटायचे माझे!" आई पण हसायला लागली. दोघींना धड बोलता येईना. बोलायला गेल्या की एक म्हणायची "खंय वता गो" आणि दोघी पुन्हा सुरू. खोल्यांमधून बायका बाहेर आल्या, रात्रपाळी करून झोपलेले दोन-तीन जण डोळे चोळत आले. आजीने सगळ्यांना ओटीखाली उभं करून ही बातमी सांगितली. वॉचमन म्हणाला, "म्हणजे आजी, आम्ही पोरांना इतके दिवस पत्ता विचारून घाबरवत होतो?"

जरा शांत झाल्यावर आजीला आणखी एक आठवलं. एकदा तो शिपाई नुसता ओरडला नव्हता. बूट तिच्या समोर येऊन थांबले आणि एक हात खाली आला. हातात पाव होता. तिने घेतला, कारण न घेण्याची हिंमत नव्हती. पण विष असेल म्हणून पुढे गेल्यावर तो कुत्र्याला घातला आणि झाडामागून बघत बसली. कुत्र्याला काही झालं नाही. शेपटी हलवत तो आणखी मागायला लागला.

"तेव्हा वाईट वाटलं," आजी म्हणाली. "मला पण खायचा होता ना."

"आणि नंतर?" आईने विचारलं.

"नंतर मग तो गेलाच. सगळेच गेले."

त्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो. शेंगांची आमटी, नागलीची भाकर आणि शेजारच्या खोलीतून आलेलं भरीत. आईने दीड भाकर खाल्ली. मी मोजत नव्हते, पण माझ्या घरी ती एक पोळी कमीच घेते हे मला माहीत होतं.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या टेबलावर पुढे झुकून ऐकत होत्या. पण शिपाई पाव देतोय असं दाखवायचं म्हटल्यावर त्या थबकल्या. त्यांचंही बरोबर होतं. "लोकांनी त्या काळात मार खाल्लाय," त्या म्हणाल्या. "वेठीला राबलेत. आपण शिपाई इतका प्रेमळ दाखवला तर ते लोक काय म्हणतील?"

म्हणून पुढच्या वेळी आजीलाच संग्रहालयात आणलं. मॅडमनी तिला हाच प्रश्न विचारला. आजीने जराही विचार केला नाही. ती म्हणाली, "माझ्या काकाला त्यांनी धरून नेलं, रस्ता खणायला. पैसे नाही, भाकर नाही. परत आला तेव्हा त्याची पाठ वाकलेली, ती मरेपर्यंत सरळ झाली नाही. ते पण लावा ना. ती पण भिंत आहे, ही पण भिंत आहे."

तसंच केलं. एका भिंतीवर रस्ता खणणारी माणसं, आजीच्या घरातली जुनी कुदळ आणि काकाची गोष्ट तिच्याच शब्दांत. समोरच्या भिंतीला नाका.

नाक्याचा बांबू, खोपी, खुर्ची हे सोपं होतं. कागदाचा लगदा, चुना, काथ्या घेऊन मी शिपायाच्या तोंडाला हात घातला आणि तिथे अडले. आजी रोज वॉचमनबरोबर त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून यायची आणि माझ्या मागे उभी राहायची.

"नाक असं होतं?"

"माहीत नाही."

"मिशी?"

"ती मी पोरांसाठी लावली."

"मग डोळे तरी?"

"बाई, मी सांगितलं ना, मी वर बघितलंच नाही. बूट विचार."

बूट मात्र तिने असे सांगितले की मी एका बैठकीत केले. डावीकडची शिवण, पुढचं टोक झिजून पांढरं पडलेलं, चिखलाची रेघ. हातही जमला, कारण पाव धरलेला हात तिने नीट पाहिला होता. पण चेहरा येईना. मी तीन केले आणि तिन्ही मोडले. एक तर माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांसारखा दिसत होता.

आई खुर्चीत बसून काथ्या वळत होती. ती म्हणाली, "तिना बघलाच नाय तर लोकांनी कित्याक बघूचा?"

मॅडम आणि मी एकमेकींकडे बघितलं. त्यानंतर सगळं बदललं. आम्ही शिपाई खुर्चीतून उठून वाकलेला केला. टोपी खाली आलेली, चेहरा तिच्या सावलीत. आणि पाहणाऱ्यासाठी समोर एक लाकडी खिडकी बसवली, सात-आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोठ्या माणसाला त्यातून बघायचं तर गुडघे वाकवावे लागतात. वाकलं की दिसतं काय, बूट, खाली आलेला हात आणि पाव. एवढंच. मॅडम स्वतः वाकून बघून उठल्या आणि म्हणाल्या, "आता आवाज हवा."

आवाज! खिडकीपाशी कोणी आलं की शिपायाने विचारायला हवं. ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं, आवाज कोण देणार? वॉचमनने प्रयत्न केला, त्याची कोकणी थेट धुळ्यातून निघाली. आईने गळा जाड करून पाहिला, तर ऐकणाऱ्यांना हसू आवरेना. शेवटी आई मला म्हणाली, "तुझ्या घोवाक इचार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

माझा नवरा वाईचा. त्याच्या जिभेवर 'खंय' चढणं कठीण. पण सासूने स्वतःहून काही मागितलंय म्हटल्यावर तो नाही कसा म्हणणार? त्या संध्याकाळपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली.

"खै."

"खै न्हय. खंय. नाकातसून."

"खंऽय."

"सर्दी जाल्यासारखा नको. परत."

"खंय वता गो—"

"गो जरा लांब. तुझी चेडू असती तर कसा इचारशील? तसा इचार."

आम्हाला मूल नाही. आई हे बोलून गेली आणि तिचं तिलाच जाणवलं. मी भाजीचं भांडं उगीच सरळ केलं. पण नवऱ्याने क्षणभर विचार केला आणि मग अगदी शांतपणे, पुढे थोडं झुकून विचारलं, "खंय वता गो, चेडवा?"

आईने त्याच्याकडे बघितलं. "आता जमला," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली. त्याने ती खाल्ली. मग तिनेही एक घेतली.

थंडीचे दिवस होते, शाळांच्या सहली निघतात ते. खोली उघडायच्या दिवशी सकाळी आजी आली ती टेम्पोतून, सगळ्या भाडेकरूंना घेऊन. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पुरुष रविवारच्या शर्टांत, आणि पोरं खैवतागला बघायला मिळणार म्हणून आधीच गलका करत. साहेब मंडळी भाषण करून, फीत कापून पुढे गेली. आम्ही मागे थांबलो.

आजीला खिडकीपाशी वाकायची गरज पडली नाही. ती इतकी बुटकी की थोडी मान झुकवली तरी पुरलं. आतला दिवा लागला आणि माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "खंय वता गो, चेडवा?"

ती दचकली नाही. खिडकीच्या चौकटीवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, "बापाला भाकर द्यायला जाते. भिलाडला."

यंत्राला पुढचं काही येत नव्हतं, त्याने पुन्हा तेच विचारलं. आजीने पुन्हा तेच उत्तर दिलं, या वेळी जरा मोठ्याने. मागे पोरांची रांग ढकलाढकली करत होती, त्यांना आपला नंबर हवा होता. एकेक पोर आलं आणि ओरडून उत्तर देऊन गेलं. कोणी "शाळेत!" कोणी "मामाकडे!" कोणी "चॉकलेट आणायला!" एक म्हणाला, "तुला काय करायचंय?" आणि त्याच्या आईने त्याला तिथेच एक धपाटा घातला. दुपारपर्यंत त्या खोलीतून मॅडमना कोणाला बाहेर काढता आलं नाही. मला वाटतं त्यांना काढायचंही नव्हतं.

काम संपलं, मी पुन्हा पूर्ण वेळ शाळेत जायला लागले. मला काळजी होती की आई पुन्हा बाल्कनी आणि भिंत यांच्यात अडकेल. तसं झालं नाही. तिला नरोलीच्या शेअर रिक्षा कुठून सुटतात ते कळलं होतं. आठवड्यातून दोनदा ती आजीकडे जाते. आजी तिच्याकडून सोलकढी शिकली, पण नारळ महाग म्हणून त्यात शेंगदाणे वाटून घालते, आणि त्यावरून दोघींचं दर वेळी वाजतं. मधे आजीला ताप आला तेव्हा आई चार दिवस तिथेच राहिली, ओटीलगतच्या खोलीत, आणि भाडेकरूंच्या बायका तिच्यासाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी करून आणत होत्या.

गेल्या महिन्यात एका रविवारी नवरा म्हणाला, "दोघींना दादऱ्याला नेऊया, तलावावर." आम्ही आजीला नरोलीहून उचललं आणि चौघं गेलो. बागेत गर्दी होती. कंपनीतली पोरं मोबाइलवर फोटो काढत होती, कुठेतरी लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. पायाने चालवायच्या बोटी बघून आजी थांबली. ती जन्मभर दमणगंगेच्या काठी राहिली, पण बोटीत कधी बसली नव्हती. आई म्हणाली, "मी पण नाय." मी म्हटलं, गुडघे! दोघींनी ऐकलं नाही. शेवटी पुढे मी आणि नवरा पायडल मारायला आणि मागे त्या दोघी, केशरी जॅकेटं घालून, एकमेकींचे हात घट्ट धरून.

बोट मधे गेली आणि नवऱ्याने दम खायला पाय थांबवले. वारा नव्हता. बदकं जवळून जात होती. आजीने पाण्यात बोटं बुडवली आणि आईच्या अंगावर उडवली. आईने ओंजळ भरून परत उडवली, ती सगळी नवऱ्याच्या मानेवर पडली. तो ओरडला. त्या दोघी लहान मुलींसारख्या खाली वाकून लपल्या आणि बोट डोलायला लागली.

काठावरून बोटवाल्याने शिट्टी मारली. वेळ संपली, या परत. आम्ही वळायला लागलो तशी आई मागून नवऱ्याच्या पाठीवर बोटाने टोचत म्हणाली, "जावयबापू, बोटवाल्याक सांगा, आमका ऐकाक येत नाय."

त्याने मान हलवली, आणि पायडल उलट्या दिशेला मारायला लागला.